बायको म्हणाली ‘या’, नवरा म्हणाला ‘नाही’: घरझडतीच्या संमतीचं एक प्रकरण

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अमेरिकस नावाचं एक लहान शहर आहे. तिथल्या एका नवराबायकोचं बिनसलं होतं. २००१ च्या मे महिन्याच्या अखेरीस बायको मुलाला आणि थोडंफार सामान घेऊन कॅनडात आईवडिलांकडे निघून गेली. जुलैत ती मुलासह परत आली. पुन्हा संसार मांडायला आली की उरलेलं सामान न्यायला, हे कोर्टाच्या कागदपत्रांतून कळत नाही. ६ जुलैला सकाळी तिने पोलिसांकडे तक्रार केली की भांडण झालं आणि नवरा मुलाला घेऊन गेला. पोलीस घरी आल्यावर तिने आणखी सांगितलं: नवऱ्याला कोकेनचं व्यसन आहे आणि त्या पायी घराची आर्थिक ओढाताण झाली आहे.

थोड्या वेळाने नवरा आला. बायको मुलाला पुन्हा देशाबाहेर नेईल या भीतीने आपण त्याला शेजाऱ्यांकडे ठेवल्याचं त्याने सांगितलं. कोकेनचा आरोप त्याने फेटाळला. उलट दारू आणि अमली पदार्थांच्या आहारी बायकोच गेली आहे, असं तो म्हणाला. एक सार्जंट बायकोबरोबर जाऊन मुलाला घेऊन आला. परतल्यावर तिने पुन्हा तेच सांगितलं आणि भर घातली की घरात अमली पदार्थांचा पुरावाही आहे.

सार्जंटने नवऱ्याला विचारलं, घराची झडती घेऊ का? नवऱ्याने साफ नकार दिला. मग सार्जंट बायकोकडे वळला. ती लगेच हो म्हणाली आणि त्याला वरच्या मजल्यावर नवऱ्याच्या झोपण्याच्या खोलीत घेऊन गेली. तिथे सार्जंटला शीतपेय प्यायच्या नळीचा एक तुकडा दिसला. त्याला पांढरट पूड चिकटली होती आणि ती कोकेन असावी असा त्याला संशय आला. पुरावा ठेवायची पिशवी आणायला तो गाडीकडे गेला आणि तिथून त्याने जिल्हा सरकारी वकिलांच्या कार्यालयात फोन लावला. उत्तर मिळालं: झडती थांबवा, आधी वॉरंट घ्या. तो घरात परतला तोवर बायकोनेही संमती मागे घेतली होती. पोलिसांनी नळीचा तुकडा आणि नवराबायको, सगळ्यांना ठाण्यात नेलं. नंतर वॉरंट मिळवून त्यांनी पुन्हा झडती घेतली, आणखी पुरावा जप्त केला आणि नवऱ्यावर कोकेन बाळगल्याचा खटला भरला.

‘जॉर्जिया विरुद्ध रँडॉल्फ’ हे प्रकरण ते हेच. त्यात कुणी दार फोडलं नाही, मारहाण केली नाही, खोटं वॉरंट दाखवलं नाही. घराच्या एका मालकिणीने पोलिसांना आत बोलावलं आणि ते गेले. तरीही हा वाद पार वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कारण नवरा तिथे समोर उभा राहून ‘नाही’ म्हणत होता.

हा प्रश्न तिथेच एवढा मोठा का

अमेरिकेच्या राज्यघटनेतली चौथी दुरुस्ती १७९१ पासून लागू आहे. माणसाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती होणार नाही, आणि सबळ कारण शपथेवर मांडल्याशिवाय वॉरंट निघणार नाही, अशी ती हमी देते. घराच्या बाबतीत नियम फार कडक आहे: वॉरंट नसेल तर झडती अवाजवी, असंच गृहीत धरलं जातं. याला मोजके अपवाद आहेत. त्यांतला पोलिसांच्या सर्वांत सोयीचा अपवाद म्हणजे संमती. घरातलं माणूसच ‘या, बघा’ म्हणालं की न्यायाधीशाकडे जायची गरज उरत नाही. ती संमती दबावाखाली घेतलेली नसावी, एवढीच अट. ‘तुम्ही नाही म्हणू शकता’ हे पोलिसांनी सांगायलाच हवं असं नाही. १९७३ च्या श्नेकलॉथ निकालाने तेवढी मोकळीक पोलिसांना दिली आहे.

झडती बेकायदा ठरली तर त्यात मिळालेला पुरावा आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. राज्यांच्या पोलिसांनाही हा नियम लागू आहे, हे १९६१ च्या मॅप निकालाने ठरवलं. त्यामुळे ‘संमती खरी होती का’ यावर अख्खा खटला उभा राहतो किंवा कोसळतो.

आपल्याकडच्या वाचकाला हे थोडं अनोळखी वाटेल. भारतात घरझडती म्हटलं की पंच, पंचनामा आणि जप्तीची यादी डोळ्यांसमोर येते. वॉरंट घेऊन पोलीस आले तर घरात असलेल्या माणसाने त्यांना आत येऊ द्यायचं, असं कायदाच सांगतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०० होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १०३ आहे. तपास अधिकाऱ्याला ठरावीक परिस्थितीत कारणं लिहून ठेवून वॉरंटशिवायही झडती घेता येते. आणि झडतीत कायद्याची पायरी चुकली तरी केवळ तेवढ्यावरून पुरावा बाद होत नाही, ही भूमिका आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पूरणमल प्रकरणापासून घेतलेली आहे. मग ‘हो’ कुणी म्हटलं आणि ‘नाही’ कुणी, याचा कीस काढायला आपल्या कोर्टांत फारसं कारण उरत नाही. अमेरिकेत ते कारण आहे, म्हणून तिथे त्या सकाळचा घटनाक्रम एवढ्या बारकाईने तपासला गेला.

आधीचे निकाल

दुसऱ्याच्या वतीने कोण संमती देऊ शकतं, यावर रँडॉल्फच्या आधी बरंच ठरून गेलं होतं. घरमालक भाडेकरूच्या घराची झडती घेऊ देऊ शकत नाही (१९६१, चॅपमन). हॉटेलचा कारकून पाहुण्याच्या खोलीत पोलिसांना सोडू शकत नाही (१९६४, स्टोनर). किल्ली हातात आहे किंवा मालकी नावावर आहे, एवढ्याने भागत नाही. त्या जागेत तो माणूस स्वतः वावरतो का, ती वापरतो का, हे पाहिलं जातं.

याची पक्की चौकट आखली १९७४ च्या मॅटलॉक निकालाने. विस्कॉन्सिनमधल्या एका बँक दरोड्यातल्या संशयिताला तो राहत असलेल्या घराच्या अंगणात अटक झाली. त्याला गाडीत बसवलं आणि पोलीस दाराकडे गेले. त्याच्याबरोबर खोली वापरणाऱ्या बाईने त्यांना आत घेतलं. खोलीतल्या कपाटात बाळाची दुपटी ठेवायची पिशवी होती आणि तिच्यात ४,९९५ डॉलर निघाले. कोर्ट म्हणालं, जे लोक जागा एकत्र वापरतात त्यांच्यातला प्रत्येक जण स्वतःच्या हक्काने झडतीला संमती देऊ शकतो; आपल्यातलं कुणी पोलिसांना आत घेईल हा धोका बाकीच्यांनी एकत्र राहताना पत्करलेलाच असतो. अंगणात गाडीत बसवलेल्या त्या माणसाला मात्र कुणी काही विचारलं नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, पुढे ती फार महत्त्वाची ठरते.

१९९० च्या रॉड्रिग्ज निकालाने पोलिसांना आणखी सैल दोर दिला. शिकागोत मारहाण झालेल्या एका तरुणीने ‘आमचं घर’ म्हणत आपल्या किल्लीने दार उघडलं. आत तो माणूस झोपलेला होता आणि अमली पदार्थ समोरच होते. ती तरुणी काही आठवड्यांपूर्वीच ते घर सोडून गेली होती, हे नंतर उघड झालं. म्हणजे तिला संमती द्यायचा अधिकारच नव्हता. तरीही, तो अधिकार तिला आहे असा पोलिसांचा समज त्या वेळी वाजवी असेल तर झडती टिकू शकते, असं कोर्टाने ठरवलं.

या दोन्ही प्रकरणांत आरोपी जवळच होता, पण दारात उभा राहून कुणी नकार दिला नव्हता. असा नकार असतानाही एकाची संमती पुरते, असंच तोवर हा प्रश्न समोर आलेल्या चारही फेडरल अपील न्यायालयांनी म्हटलं होतं. जॉर्जियातल्या खटला चालवणाऱ्या न्यायालयानेही तेच मानलं: घर दोघांचं, म्हणून बायकोची संमती पुरेशी. राज्याचं अपील न्यायालय आणि मग राज्याचं सर्वोच्च न्यायालय यांनी मात्र ते उलटवलं, आणि सरकार वॉशिंग्टनला गेलं.

पाच विरुद्ध तीन

सुनावणी ८ नोव्हेंबर २००५ ला झाली आणि निकाल २२ मार्च २००६ ला लागला. मधल्या काळात न्यायमूर्ती ओ’कॉनर निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेल्या अ‍ॅलिटो यांनी या प्रकरणात भाग घेतला नाही, त्यामुळे निकाल आठ जणांनी दिला. पाच मतं नवऱ्याच्या बाजूने पडली आणि बहुमताचं निकालपत्र न्यायमूर्ती सूटर यांनी लिहिलं.

सूटर यांचा युक्तिवाद मालमत्तेच्या कायद्यावर उभा नाही. तो माणसं रोजच्या आयुष्यात कशी वागतात यावर उभा आहे. तुम्ही एखाद्याच्या दारी गेलात, घरातलं एक माणूस ‘या ना’ म्हणतंय आणि त्याच्या शेजारी उभं राहून दुसरं ‘आत येऊ नका’ म्हणतंय. अशा वेळी कुठलाही समंजस माणूस चपला काढून आत शिरणार नाही. एकत्र राहणारे दोघं प्रौढ असतील तर एकाचा शब्द दुसऱ्यापेक्षा वरचा मानायला आधार नाही. आईवडील आणि मूल, किंवा बराकीतले लहानमोठ्या हुद्द्याचे सैनिक, अशी मान्य उतरंड असेल तर गोष्ट वेगळी. मग सामान्य पाहुण्याला जे आमंत्रण पुरलं नसतं, ते पोलिसांना का पुरावं?

मला या निकालपत्रातला सगळ्यांत मोलाचा भाग हा समानतेचा वाटतो. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी आपल्या सहमतीच्या टिपणात तो जास्तच स्पष्ट केला आहे. चौथी दुरुस्ती लिहिली गेली त्या काळात नवऱ्याचाच शब्द घराचा शब्द होता. बायकोने संमती दिली काय आणि नाकारली काय, कायद्याच्या लेखी फरक पडला नसता. आज दोघांचा हक्क सारखा आहे. म्हणून नवऱ्याचा नकार बायकोची संमती पुसून टाकत नाही आणि बायकोची संमती नवऱ्याचा नकार पुसून टाकत नाही. एकाचं चालत नाही आणि दुसऱ्याचंही चालत नाही म्हटल्यावर उरतो तिसरा माणूस, न्यायाधीश. वॉरंट असतं ते यासाठीच.

बायकोच्या हातात काहीच उरत नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. ती पुरावा स्वतः आणून पोलिसांच्या हाती देऊ शकते. आपल्याला काय माहीत आहे ते सांगू शकते आणि त्या माहितीवर पोलीस वॉरंट मागू शकतात. सूटर यांनी हे निकालात नमूद केलं आहे. न्यायमूर्ती थॉमस यांनी विरोधात मत दिलं, तेही याच धाग्यावरून: बायकोनेच पोलिसाला नेऊन पुरावा दाखवला, मग याला पोलिसांची झडती म्हणायचंच कशाला?

विरोधी मत, जे सहज बाजूला सारता येत नाही

मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स पद स्वीकारून सहाच महिने झाले होते. त्या पदावरून त्यांनी लिहिलेलं हे पहिलं विरोधी मत. त्यांचा पहिला मुद्दा असा की पाहुणे कसे वागतील याचा ठोकताळा नसतो. लांबून वाढदिवसाला आलेला पाहुणा घरातल्या दुसऱ्या कुणी नको म्हटलं म्हणून लगेच माघारी फिरेलच असं नाही. हा मुद्दा मला दुबळा वाटतो. पाहुणा केक खाऊन परत जातो, कपाटं उघडून पाहत नाही.

दुसरा मुद्दा मात्र नेमक्या जागी लागतो. बहुमताच्या नियमाने खाजगीपणाचं संरक्षण होत नाही, दारात योगायोगाने हजर असण्याच्या नशिबाचं होतं, असं रॉबर्ट्स म्हणतात. शेजारच्या खोलीत झोपलेला माणूस हरतो, अंगणात पोलिसांच्या गाडीत बसलेला हरतो, आणि दाराशी उभा असलेला जिंकतो. यात घराच्या खाजगीपणात काय फरक पडला? सूटर यांनाही हे दिसत होतं. आपण फार बारीक रेषा आखतो आहोत, असं त्यांनी निकालातच कबूल केलं. मॅटलॉक आणि रॉड्रिग्ज मोडायचे नसतील तर ती रेषा आखावीच लागेल, आणि नकार टाळण्यासाठीच पोलिसांनी माणसाला दारातून हलवलं असा पुरावा नसेल तर ती चालेल, असं त्यांचं म्हणणं. नियम सोपा राहावा यासाठी केलेली ही तडजोड आहे आणि तिची किंमत पुढे मोजावी लागली.

रॉबर्ट्स यांचा तिसरा मुद्दा घरगुती हिंसेचा. मार खाणारी बाई पोलिसांना बोलावते, मारणारा दारात उभा राहून नाही म्हणतो आणि पोलीस बाहेरच थांबतात. या निकालाने असं होईल, अशी त्यांना भीती होती. ही भीती खरी असती तर मीही विरोधी मताच्या बाजूने उभा राहिलो असतो. पण सूटर यांनी याचं उत्तर निःसंदिग्ध शब्दांत दिलं आहे. कुणाला इजा झाली असेल किंवा होणार असेल, तर तिच्या रक्षणासाठी, तिला आपलं सामान सुखरूप घेता यावं यासाठी पोलीस आत जाऊ शकतात, आणि मारणाऱ्याचा नकार तिथे आड येत नाही. माणसाला वाचवायला आत जाणं वेगळं आणि पुरावा शोधायला खोल्या धुंडाळणं वेगळं. अमेरिकसच्या प्रकरणात बायकोने घरात संरक्षणाची गरज असल्याचं काहीही सूचित केलं होतं, असा दावा सरकारनेही केला नव्हता. न्यायमूर्ती ब्रायर पाचवं मत देताना याच तपशिलावर थांबले: तातडी नव्हती, पुरावा नष्ट होईल असं चिन्ह नव्हतं, झडतीचा हेतू फक्त पुरावा होता. परिस्थिती बदलली असती तर आपलं मतही बदललं असतं, हे त्यांनी लपवलं नाही.

तो फोन

या सगळ्या प्रकरणात माझं लक्ष पुन्हा पुन्हा जातं ते सार्जंटच्या फोनकडे. त्याने तो लावला, तेव्हा नळीचा तुकडा त्याने पाहिलेला होता. तोच फोन तो वर जाण्याआधी लावू शकला असता. बायकोने व्यसनाबद्दल सांगितलं होतं, घरात पुरावा आहे असंही सांगितलं होतं, आणि ती शेजारीच उभी होती. तिचं म्हणणं शपथेवर घेऊन न्यायाधीशासमोर ठेवता आलं असतं. आपसात भांडणाऱ्या नवराबायकोच्या परस्परविरोधी आरोपांत तथ्य किती आहे, हे त्या न्यायाधीशाने तोललं असतं. त्याच सकाळी नवऱ्यानेही बायकोवर तसाच आरोप केला होता आणि मुलाच्या ताब्यावरून दोघांत ओढाताण चालू होती, हे विसरून चालणार नाही. बायकोचं म्हणणं खोटं होतं असं मी म्हणत नाही. नळी तर सापडलीच. पण ज्याच्या मनात राग आहे अशा माणसाने दाखवलेल्या वाटेने पोलिसांनी दुसऱ्याच्या खोलीत शिरण्याआधी कुणीतरी तिऱ्हाइताने दोन्ही बाजू तपासाव्यात, यात गैर काय?

सरकारी वकिलांच्या कार्यालयाने फोनवर पहिलं वाक्य ‘थांबा’ असंच सांगितलं. सरकारचीच बाजू मांडणाऱ्या लोकांना त्या क्षणी जे समजलं, ते पाच वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी सांगितलं.

रेषा पुढे कुठे सरकली

ऑक्टोबर २००९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एका लुटीतला संशयित एका इमारतीत पळाला. पोलिसांना एका घरातून ओरडण्याचा आवाज आला. दार उघडलं ते तान्ह्या बाळाला कडेवर घेतलेल्या, रडत असलेल्या एका बाईने; तिच्या नाकावर मोठं टेंगूळ होतं आणि शर्टावर रक्त. तिच्याबरोबर राहणारा माणूस पुढे आला आणि पोलिसांना म्हणाला, तुम्हाला आत यायचा हक्क नाही, मला माझे हक्क माहीत आहेत. तिला त्याने मारलं असावं या संशयावरून पोलिसांनी त्याला बाहेर काढून अटक केली. तासाभराने पोलीस परत आले आणि त्यांनी त्या बाईची तोंडी आणि लेखी संमती घेतली. झडतीत टोळीच्या खुणा असलेल्या वस्तू, चाकू, काडतुसं आणि नळी कापलेली शॉटगन मिळाली. त्याला १४ वर्षांची शिक्षा झाली.

‘फर्नांडेझ विरुद्ध कॅलिफोर्निया’ या नावाने हे प्रकरण वर गेलं आणि २०१४ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी सरकारच्या बाजूने सुटलं. निकालपत्र लिहिलं अ‍ॅलिटो यांनी, म्हणजे रँडॉल्फमध्ये बाहेर राहिलेल्या न्यायमूर्तींनी. नवऱ्याची किंवा जोडीदाराची हरकत तो शरीराने तिथे आहे तोवरच चालते. अटक कायदेशीर असेल तर तो गैरहजर माणसासारखाच, आणि त्याने आधी दिलेला नकार त्याच्याबरोबरच दारातून बाहेर जातो. रँडॉल्फच्या बहुमतातले केनेडी आणि ब्रायर या वेळी अ‍ॅलिटोंबरोबर होते. गिन्सबर्ग यांनी विरोध केला. सोटोमायोर आणि केगन त्यांच्यासोबत होत्या. अटक झाल्यावर पोलिसांना घाई कशाची होती, वॉरंट मिळवायला अडचण काय होती, हा त्यांचा प्रश्न.

त्या बाईच्या बाजूने विचार केला तर फर्नांडेझ निकालाला वजन आहे. घर तिचंही होतं, मारणाऱ्याला नेल्यावर आपल्या घरात कुणाला घ्यायचं हे ठरवायचा हक्क तिला का नसावा, असं अ‍ॅलिटो विचारतात. आणि लपवलेली शॉटगन घरात लहान मुलं असताना तशीच पडू द्यायची का, हाही प्रश्न आहेच. पण त्याचं उत्तर वॉरंटमध्ये होतं. माणूस कोठडीत, घर नजर ठेवता येण्याजोगं, हाताशी संशयाला पुरेसा आधार. न्यायाधीशाने अशा वेळी सही नाकारली असती असं मला वाटत नाही.

या निकालांचा संबंध अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांशीही येतो. नोकरीच्या सुरुवातीला तिघाचौघांनी मिळून घर भाड्याने घ्यायचं ही तिथे सर्रास चालणारी गोष्ट आहे. अशा घरात बैठकीची खोली, स्वयंपाकघर यांच्या झडतीला कुणीही एक जण हो म्हणू शकतो. फक्त तुमच्या एकट्याच्या असलेल्या, कुलूपबंद खोलीवर रूममेटचा अधिकार सहसा चालत नाही, पण पोलिसांना तो आहे असं वाजवीपणे वाटलं तर रॉड्रिग्ज आड येतो. विचारलं गेलं तर नाही म्हणता येतं, हे कुणी आपणहून सांगणार नाही. आणि कामावर असलेल्याला कुणी फोन करून विचारणारही नाही.

माझ्या मते सूटर यांनी २००६ मध्ये हजेरीची अट घातली नसती आणि एवढंच म्हटलं असतं तर बरं झालं असतं: घरात राहणाऱ्याने स्पष्ट नकार दिला आणि कुणाच्या जिवाला धोका नाही, तर तो नकार त्याने स्वतः मागे घेईपर्यंत किंवा न्यायाधीशाने वॉरंटवर सही करेपर्यंत टिकतो. मॅटलॉकला यामुळे धक्का लागला नसता, कारण तिथे कुणी नकार दिलाच नव्हता. रॉड्रिग्जमध्येही नव्हता. फर्नांडेझमध्ये मात्र पोलिसांना न्यायाधीशाकडे जावं लागलं असतं.